हसले तरी उभीच

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "देखिए, यहाँ आप सोईं, और ये लीजिए, सपना चालू." दोन्ही खुणांमध्ये बोटभरही अंतर नव्हतं. "नार्कोलेप्सी है." मी घाईत मराठीतच विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही ना?" त्यांना कळलं. "बिलकुल नहीं." मी तिथेच रडायला लागले, आनंदाने. आजाराचं नाव ऐकून इतकी खूश झालेली पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

दिवसा झोप मला काही वर्षांपासून यायची. कुठेही. भाजी चिरताना, नई सडकेच्या बाजारात दुकानदार साड्या उलगडत असताना. सासूबाई म्हणायच्या, "आळस, दुसरं काय!" त्याचंही एवढं नाही. पण हसू आलं की माझे गुडघे जायचे. मान लुळी, जीभ जड, आणि शुद्ध मात्र टक्क जागी.

हे चारचौघांत पहिल्यांदा झालं ते नवरात्रातल्या अष्टमीला. आमच्यात त्या संध्याकाळी बायका महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, आणि फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते. नणंद माझ्या कानाशी कुजबुजली, "काकूंची घागर ऐक, टेम्पोचा भोंगा नुसता!" झालं! मी हसले आणि घागरीसकट खाली. हलता येईना, बोलता येईना. आणि बायका हात जोडून माझ्या पुढ्यात! "आई, सोनूची बदली भोपाळला होईल का गं?" अहो, मला सगळं ऐकू येत होतं! सावरल्यावर म्हटलं, "मी नुसती हसले होते हो." तर म्हणे, देवीच हसली. मग डॉक्टरचं नाव कोण काढणार? देवीला कुठे दवाखान्यात नेतात?

मग ईरा झाली, आणि गंमत संपली. ती हसली की मला हसू येणार, आणि मला हसू आलं की गुडघे गेलेच. बाळ हिच्याकडे द्यायचं ते हिला गादीवर बसवूनच, असं सासूबाईंनी ठरवलं. त्यांचं चुकलं नाही. पण उभ्याने लेकीला घ्यायचं तर तिच्याकडे दगडासारखं तोंड करून बघावं लागायचं. फार जीव तुटायचा. एक दिवस सासूबाईंनी माझं ते तोंड पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, "देवी कुठल्या आईला लेकरापासून तोडत नाही गं. हे दुसरंच काहीतरी आहे. चल, डॉक्टरकडे जाऊ."

आधी पॉलिसोम्नोग्राफी झाली, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून रात्रभर झोपेची तपासणी. दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दिवसा थोड्या थोड्या वेळाने झोपायला सांगून झोप किती लवकर लागते ते बघतात. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या परीक्षेत अव्वल आले!

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आधी हलकी झोप लागते, मग मेंदूच्या लाटा संथ होतात ती गाढ झोप, आणि तास-दीड तासाने आरईएम, म्हणजे स्वप्नांची झोप. तेव्हा मेंदू जागेपणीसारखाच कामात असतो, पण हातपाय बंद करून ठेवतो. नाहीतर आपण स्वप्नात खरोखर पळालो असतो. माझा मेंदू मधलं सगळं गाळून थेट तिथे पोचतो. आणि मी हसले की जागेपणीच स्नायू बंद करतो. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

"जड़ से नहीं जाएगा, पर काबू में रहेगा," डॉक्टर म्हणाले. ईराचं दूध सुटलं होतं, म्हणून गोळ्या लगेच सुरू झाल्या. शिवाय दुपारी ठरलेली डुलकी. ती आता घरात कोणी मोडत नाही.

तुमच्या घरात कोणी हसता हसता कोसळत असेल, तर नवस बोला हवा तर, पण झोपेच्या डॉक्टरांकडे आधी न्या. हे ओळखता येतं.

परवा ईरा पिठाच्या डब्यात शिरली. भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर आली आणि मलाच विचारते, "तू कोण?" मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि हसू फुटलं. अगदी पोटातून! सासूबाई दोन्ही हात पसरून धावल्या, "बस, बस आधी!" मी गुडघ्यांची वाट पाहिली. गुडघे ढिम्म! ईरा खिदळतेय, मी खिदळतेय. "आई, बघा ना, मी उभी आहे!"

आणि मग सासूबाईच मटकन खाली बसल्या, पदराने डोळे पुसत.