झनकचं ताट

मी लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे डॉक्टरकीचा अनुभव सांगणं मोठेपणाचं वाटतं. चुकलं तर माफ करा. तेव्हा मी बालाघाटच्या एका दवाखान्यात इंटर्न होतो.

सेवकराम कॉटवर बसूनच होता. आडवा झाला की त्याला दम लागे. तिरोडीच्या खाणीत कामाला. काही महिन्यांपूर्वी हट्टा गावाजवळ त्याची जीप उलटली होती. सोबतचा झनक त्याच्या अंगावरच मेला. सेवकरामला नुसता मुका मार.

“जेवण झालं का यांच्या छातीत कोणी बोलते,” त्याची बायको म्हणाली. “झनकभाऊच हाये. मी त्याचं बी ताट वाढते.”

मी त्याच्या छातीवर डाव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला. श्वास ऐकू येत नव्हता. गुडगुड येत होती, बंद दारामागून कुणी बोलावं तशी. मी माझ्या वरच्या डॉक्टरांना, सरांना, बोलावलं.

सरांनीही ऐकलं. नाकातून जठरात नळी घालून एक्स-रे काढला. पोटात दिसायला हवी ती नळी वर वळून छातीत गेली होती.

“छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा पडदा असतो,” सर म्हणाले. “जीपच्या माराने तो फाटला. जठर, आतडं वर सरकलं. तिथं पीळ पडला तर सडेल, जीव जाईल. नागपूरला दुर्बिणीने ऑपरेशन होतं. पोटाला तीन-चार लहान छिद्रं, एकातून कॅमेरा. सगळं खाली ओढून पडदा शिवतात.”

“अन् झनक?” सेवकरामने विचारलं. “त्याले कुठं हाकलता? मी नाही जात.”

मी स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला, दुसरं टोक माझ्या पोटावर ठेवलं. “ऐका. असाच आवाज ना?”

“हौ.” तो माझ्याकडे बघत राहिला. “तुमच्यात कोण मेलं, साहेब?”

मी स्टेथोस्कोप काढून घेतला.

बायको उठली, नवऱ्याकडे वळली. “झनकभाऊचं ताट वाढते मी. तुमचं तसं नाही वाढणार. गाडी बोलवा, साहेब.”

गाडी गेल्यावर सर मला म्हणाले, “छातीत पोटाचा आवाज आला की पाणी साचलंय समजून ते काढायला सुई टोचायची नाही. जठर फुटतं.” ते मी आजही पाळतो.

बऱ्याच दिवसांनी सेवकरामच्या बायकोचा भाऊ खैरलांजीहून दवाखान्यात आला. मी घाईने विचारलं.

“भाऊजी बरे हायेत. ऑपरेशन चांगलं झालं. आडवे झोपते, खाणीत जाऊन राह्यले.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “पण भाऊजी म्हणते, आत आता कोणीच नाही.”