आमच्या भागाचा पिक्चर ट्रेनिंग रूममध्ये लागतो

मंगळवारी सकाळी चाकणला एका कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये बसलो होतो. नवीन जॉइनिंग... कितवं ते विचारू नका, आता घरी आई पण मोजत नाही.

साहेब यायचे होते म्हणून मोबाईल काढला. पिक्चरच्या ग्रुपवर खेळ चालू होता, 'आपल्या भागाचा स्वभाव दाखवणारा आवडता पिक्चर सांगा.' कोल्हापूरवाले सुटले होते. कोकणवाल्यांचं तर काय, समुद्र दिसला की पिक्चर चांगला...

मी विचार करत बसलो, आमच्याकडचा कुठला? मी संत तुकाराम नगरचा, कारखान्यांच्या पट्ट्यातला. आमच्याकडे कोण शूटिंगला येतंय राव? लहानपणी एकदा शूटिंगची गाडी आली म्हणून अख्खी कॉलनी पळाली होती. त्यांना फक्त रस्ता विचारायचा होता.

तेवढ्यात लाईट बंद झाले, सेफ्टीची फिल्म सुरू झाली. आणि पडद्यावर विक्या आला.

विक्या म्हणजे माझा जुना रूम पार्टनर. बीडकडचा, मोशीत एका खोलीत राहायचो आम्ही. तो ज्या प्लांटला प्रेसवर होता त्याच मालकाचा हा नवा प्लांट. पाटीवर नाव वेगळं होतं, कामाला पाठवणारा ठेकेदार कशाला सांगतोय... मला पडद्यावर त्याचं तोंड दिसलं तेव्हा कळलं.

ज्यांनी प्रेस बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रा दाबून आकार देणारं मशीन ते. त्याला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही.

पण त्यानं काम हळू होतं. म्हणून एका बटणावर चिकटपट्टी मारतात, ते दाबलेलंच राहतं आणि एक हात पत्रा ठेवायला मोकळा होतो. सुपरवायझरला सगळं दिसतं... टार्गेट त्यालाही द्यायचं असतं ना.

फिल्मला कंपनीनं आपलीच माणसं घेतली होती. विक्याच्या वाट्याला 'चुकीची पद्धत' आली. त्या दिवशी हा चिकन घेऊन खोलीवर आला, हसून हसून बेजार. "कॅमेरावाला म्हणला, नॅचरल करा. म्हणलं, साहेब, रोज हेच करतो की!"

गावाला फोन करून सांगितलं, हिरो झालो म्हणून.

पुढे दिवाळीच्या आधी ऑर्डरची गर्दी होती, त्यात त्याचा उजवा हात खरंच आत गेला. अंगठा तेवढा राहिला.

चौकशीत कंपनीनं काय करावं? तीच फिल्म लावली. ह्याला माहीत होतं हे चुकीचं आहे, बघा, ह्यानंच करून दाखवलंय... पट्टी ह्यानंच लावली, आमच्याकडे दुसरं कोणी लावत नाही. केस अजून चालूच आहे. विक्या सध्या पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या गेटवर असतो, डाव्या हातानं गाड्यांचे नंबर लिहितो.

तर फिल्ममध्ये विक्या काहीतरी चघळत, गाण्यावर डोलवावी तशी मान डोलवत पत्रे सरकवतोय. पोरं हसली. मग उजवा हात आत गेला, चित्र तिथंच थांबलं, वर मोठी लाल फुली. फुलीखाली पाचही बोटं.

मग 'बरोबर पद्धत' आली. दुसरा माणूस, गॉगल, इस्त्रीचे कपडे. मशीन तेच. आणि मला दिसलं... उजव्या बटणाच्या कडेला पट्टीचा तुकडा लोंबत होता. काळा, तेलकट, कधीचा जुना. घाईघाईत ओढून काढल्यासारखा.

म्हणजे पट्टी विक्याच्या सीनसाठी लावलेली नव्हती. आधीपासूनच होती!

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर गेटवरच स्टिकर लावतात, त्यामुळे फोटो काही काढता आला नाही. लघवीला म्हणून बाहेर पडलो आणि फोन लावला.

"विक्या, सापडलं भावा! बरोबरवाल्या सीनमध्ये पट्टी दिसतीये. जुनी!"

तिकडून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "माहितीय लका. मीच वढून काढली ती. सुपरवायझर म्हणला, ह्या सीनपुरती काढ, मग पुन्हा लाव."

"मग सांग की चौकशीत!"

"सांगितलं. फिल्म थांबवून दावलं बी."

"मग?"

"चौकशीचे साहेब म्हणले, अरे, पिक्चर आहे तो. शूटिंगला काय काय चिकटवतात. पिक्चरचं काय धरून बसतोस?"

मग त्यानंच विचारलं, "पोरं हसली का रं, मी मान हलवतो तिथं?"

"हसली."

"हसणारच. तिथं समदे हसतेत." मग गाडी आली म्हणाला आणि फोन ठेवला.

आत परत गेलो नाही. नोकऱ्या सोडण्यात मी पटाईत आहे, पण सुरू व्हायच्या आधी सोडलेली ही पहिलीच. चौकापर्यंत चालत आलो, कंटेनरच्या कडेकडेनं... डोक्यात तेच. विक्याच्या विरोधात लावला तेव्हा तो पिक्चर खरा होता. त्याच्या बाजूनं बोलायला लागला तर नुसता पिक्चर झाला.

आमच्या भागाचा स्वभाव ह्याहून नीट कुठल्या पिक्चरनं दाखवला असेल, मला तरी माहीत नाही. ग्रुपवाल्यांनो, माझं उत्तर हेच समजा.

आणि ही पोस्ट विक्याच्या जुन्या प्लांटमधल्या कुणापर्यंत पोचली तर... शूटिंगच्या दिवशी त्या प्रेसजवळ बरीच माणसं उभी होती, असं विक्या म्हणतो. नाव सांगायची भीती वाटत असेल तर आधी मला मेसेज करा, मी कुणाला सांगणार नाही.

त्याला फक्त एवढं म्हणणारा एक माणूस पाहिजे, की ती पट्टी मी पण बघितली होती.