एकाच उन्हात

शांताक्का गेल्याची बातमी त्यांच्या पुतण्याने मुरुमहून मुद्दाम येऊन सांगितली. दारातच उभा राहून म्हणाला, "सकाळी उन्हाला बसल्या होत्या... तशाच गेल्या." बायको चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आक्कांमुळे आम्ही दोघं पहिल्यांदा एकमेकांशेजारी नीट उभे राहिलो होतो. लग्नात आमच्या मध्ये आधी अंतरपाट होता, मग भटजी, आणि त्यानंतर माझे वडील.

हे निजामाच्या अमदानीतलं. आक्कांचे यजमान वीरभद्रप्पा मुरुमात फोटो काढत. वीज नव्हती, त्यामुळे सगळा कारभार उघड्यावर, उन्हात. बड्या घरांत बायकांना गोशा. परक्या पुरुषासमोर सून यायची नाही. मग यजमान नवरदेवाचा फोटो पुढच्या अंगणात काढत आणि आक्का नवरीचा परसात. नंतर आक्का दोन्ही फोटोंच्या निगेटिव्ह काचा घेऊन बसत. अर्धा कागद झाकून नवरा छापायचा, मग तो झाकून नवरी, आणि मधला सांधा बारीक ब्रशने बुजवायचा. आमच्याकडच्या कित्येक खानदानी जोडप्यांची गाठ अशी कागदावरच पडलेली. खाली शिक्का मात्र यजमानांचा.

माझे वडील तहसिलीत पेशकार होते. काम साहेबांपुढे कागद ठेवण्याचं. पण घरातला थाट असा, की साहेबच यांच्यापुढे कागद ठेवत असावेत. लग्नानंतर माझा फोटो सकाळीच निघाला. बायको बेंबळीची, तिच्या माहेरच्यांच्या मानपानात दुपार गेली आणि तिचा फोटो दिवस कलल्यावर निघाला. काही दिवसांनी वीरभद्रप्पा आणि आक्का जोडलेला फोटो घेऊन आले. वडिलांनी माझ्या फेट्याचा तुरा तेवढा पाहिला आणि म्हणाले, "फर्मास!"

"फर्मास कसला?" आक्का म्हणाल्या. "सावल्या बघा की."

माझी सावली डावीकडे पळत होती, तिची उजवीकडे.

"ह्यो सकाळच्या उन्हात, ही सांजच्या. पेशकारसाहेब, ह्ये जोडपं न्हाय, दोन गावचे पावणे हायती."

"कोण बघतंय सावल्या?" वीरभद्रप्पा पुटपुटले. "दिऊन टाक."

"म्या बघतीया. लई सांधे बुजवले. आता दोघांस्नी संगं हुबं करून काढायचा. म्या काढणार."

वीरभद्रप्पांचा चेहरा उतरला. आक्कांनी तोवर एकाही पुरुषासमोर कॅमेरा लावला नव्हता. वडील बिघडले असते, तर बड्या घरांचे दरवाजे दोघांनाही बंद झाले असते.

"बाईमाणूस पुरुषाचा फोटो काढणार?" वडील गरजले.

"तुमच्या लेकाला माजी लाज वाटत आसंल, तर त्येनं पदर घ्यावा."

दाराआडून कुणीतरी खुदकन हसलं. वडील लाल झाले. आक्कांनी लगेच आवाज खाली आणला. "आसा फोटो तालुक्यात कुणाकडंच न्हाय, साहेब. जहागीरदारांकडं सुदिक न्हाय."

वडिलांच्या तत्त्वांचा तिथेच निकाल लागला.

दुसऱ्या सकाळी आमच्या मळ्यात, ज्वारी काढलेल्या रानात आम्हाला उभं केलं. रंगवलेला पडदा नाही, खुर्ची नाही. वडिलांनी कुठूनशी तलवार आणली होती. आक्कांनी ती त्यांच्याच हातात देऊन त्यांना पार बांधावर पाठवलं. वीरभद्रप्पा विहिरीपाशी पाठ करून बसले, गोशा पाळत.

"जवळ सरका. आजून. मधनं बैलगाडी जाईल... सूनबाई, आदी त्येला बघून घे, मग माज्याकडं बघ."

तिने मान वर करून मला पाहिलं. भर उन्हात, पहिल्यांदा. आणि खुदकन हसली. दाराआडचं हसू कुणाचं होतं ते तेव्हा कळलं. आक्कांनी तेवढ्यात काम उरकलं.

मग दुरुस्तीची वेळ आली. सुनेला गोरी करा आणि मुलाला थोडा उंच, असं वडिलांचं फर्मान. "करते की," आक्का म्हणाल्या, "पर मग बेंबळीत तिला कुणी वळखायचं न्हाय." त्यांनी काचेवर पेन्सिल फिरवली ती माझ्या नाकावरच्या पुटकुळीपुरती, तीही न सांगता. धसकटांवर पडलेली आमची सावली एकच होती. तिला हात लावला नाही. वडिलांनी फोटो बैठकीत टांगला आणि येईल त्याला सांगितलं, "कल्पना आमचीच."

त्या लग्नसराईत मुरुमला गाड्या आल्या त्या "बाईला धाडा" म्हणत. पुढे आक्का, मागे स्टँड खांद्यावर घेऊन वीरभद्रप्पा. नवा शिक्काही त्यांनीच करवून आणला. वर आक्कांचं नाव, शांतम्मा, आणि खाली त्यांचं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मुरुमला गेलो. पुतण्याच्या स्टुडिओत आता विजेचे दिवे आहेत. जुना कॅमेरा कोपऱ्यात उभा आहे. खुंटीला आक्का फोटो काढताना डोक्यावर घेत ते काळं कापड होतं. आतल्या बाजूला, कपाळ टेकायचं तिथे, विभूतीचा पांढरट डाग. "लई धुतलं, जात न्हाय," पुतण्या म्हणाला. बायकोने ते कापड सरळ डोक्यावर घेतलं आणि कॅमेऱ्यामागे वाकली.

"दिसतोय का मी?"

"दिसताय," आतून आवाज आला, "पण उलटे."

तालुक्यातली सगळी बडी घराणी आक्कांनी कॅमेऱ्याच्या काचेवर आयुष्यभर अशीच पाहिली... डोकं खाली, पाय वर.