बग्गीचा वेग आणि सबनीस काकूंचा अंदाज

“माने, तिथं दहा लिही,” सेक्रेटरी विजयकर साहेब म्हणाले.

माझ्यापुढे सोसायटीचा अपघाताचा फॉर्म होता. रकाना होता ‘अपघाताच्या वेळी गाडीचा वेग’. दोन तासांपूर्वी माझ्या बग्गीची धडक सबनीस काकूंना बसली होती. त्या हॉस्पिटलात होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. बग्गी दहाने नव्हती, वीसने होती. ऑफिसात तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मी दहा लिहिलं. खाली सही केली.

हे परळमधलं, जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांमधलं. मेन गेटपासून शेवटच्या टॉवरपर्यंत बरंच चालावं लागतं, मधे चढ आहे. म्हणून सोसायटीने बॅटरीवरची सहा सीटांची गोल्फ कार्ट घेतली. गोल्फ तिथे कुणी खेळत नाही. सगळे तिला बग्गी म्हणतात. ती मी चालवायचो.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली. मुंबईत आलो तो याच सोसायटीत झाडूपोछ्याला. मला चालवायची हौस आहे हे विजयकर साहेबांनी हेरलं. लायसन्सचा फॉर्म त्यांनी स्वतः बसून भरला, कारण छापील कागदावर कुठं काय लिहायचं ते मला कळत नाही. आईच्या मोतीबिंदूला डॉक्टरही त्यांनीच गाठून दिला. गिरगावातलं जुनं घराणं, आवाज कधी चढायचा नाही. आजही त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता बग्गीबद्दल एक गोष्ट समजून घ्या. तिला नंबर प्लेट नव्हती. सोसायटीचं म्हणणं, आतला रस्ता खाजगी, गाडी बाहेर जातच नाही, मग आरटीओत रजिस्टर कशाला? मलाही तेव्हा बरंच वाटायचं, एक कटकट कमी. पण नंबर नाही म्हणजे इन्शुरन्स नाही, गाडी तपासणारं बाहेरचं कुणी नाही. वेग किती ठेवायचा ते कमिटी ठरवणार, पाटी कमिटी लावणार आणि काही झालं तर चौकशीही कमिटीच करणार. पाटीवर होतं ताशी दहा किलोमीटर.

सीटखाली कंट्रोलर नावाचा डबा असतो. मोटरने जास्तीत जास्त किती पळायचं ते त्यात भरून ठेवतात. ड्रायव्हरने पेडल कितीही दाबलं तरी गाडी त्याच्या पुढे जात नाही. आमच्या डब्यातही दहाच होतं. पण सकाळी ऑफिसच्या वेळी लॉबीत लाइन लागायची.

“अहो माने, चालत निघालेला माणूस तुमच्या आधी गेटवर पोचतो,” एक मेंबर म्हणाले. “बैलगाडी आणा, निदान घुंगरं तरी वाजतील!”

साहेबांनी सर्व्हिसवाल्या सावंतला बोलावलं. वीस कर म्हणाले. सावंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून राहिला.

“साहेब, मेल टाका एक. मेलशिवाय मी हात लावत नाय.”

“अरे, मेल कसला? मी समोर उभा आहे ना!”

“तुम्ही उद्या समोर नसाल, साहेब. मेल असेल.”

साहेब हसले, माझ्याकडे वळले. “काय माने? जमेल ना वीसने?”

उतारावर सहा माणसं बसली की बग्गी लवकर थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. सांगायला हवं होतं. पण ज्यांनी स्टिअरिंग हातात दिलं त्यांना नाही कसं म्हणू?

“जमेल, साहेब.”

मेल आलाच नाही, तरी सावंतने वीस केलं. “मी बोललो होतो, एवढं लक्षात ठेव,” जाताना तो मला म्हणाला. पाटी तशीच राहिली.

उताराच्या वळणावर प्राजक्त आहे. सबनीस काकू रोज सकाळी त्याची रस्त्यावर पडलेली फुलं परडीत वेचायच्या. “बाकीची फुलं झाडावरून तोडावी लागतात आणि तुमचा सिक्युरिटीवाला शिट्टी मारतो,” त्या म्हणायच्या. “प्राजक्त तेवढा जमिनीवरचा चालतो देवाला.” मला त्या किनवट म्हणायच्या. “काय रे किनवट, चहा झाला का?” बग्गी वळणावर दिसली की त्या आणखी चार फुलं उचलायच्या आणि मग आरामात बाजूला व्हायच्या. रोजचं होतं ते.

वीस केल्याला चार दिवस झाले होते. मी वळणावर आलो, काकूंनी मान वर करून बघितलं आणि त्या पुन्हा वाकल्या. मी ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. बग्गी घसरत गेली. परडी आधी उडाली.

माझ्या फॉर्मवरून कमिटीने नोटीस काढली. वाहन ठरलेल्या वेगात होतं, ज्येष्ठ नागरिकांनी गाडीमार्गावर चालू नये. काकूंच्या मुलाने तक्रार केली नाही. आईचंच लक्ष नव्हतं म्हटल्यावर तक्रार कुणाची करणार? दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सावंतला बोलावून पुन्हा दहा करून घेतलं, गाजावाजा न करता.

दोन महिन्यांनी मी वर काकूंच्या घरी गेलो. खरं सांगायचं ठरवूनच. काकू खुर्चीत होत्या, शेजारी वॉकर. मुलगा पेपर वाचत बसला होता.

“ये रे किनवट. नोकरी राहिली ना तुझी? मी ह्याला सांगितलं होतं, त्याला काही बोलू नकोस.”

“काकू, त्या दिवशी...”

“माझंच चुकलं. मला वाटलं, तू लांब आहेस, होईन मी बाजूला. इतके दिवस बरोबर यायचा अंदाज. आता नाही येत. काल हॉलमधून किचनपर्यंत जायचीसुद्धा भीती वाटली बघ.”

“वय झालं आई, मान्य कर,” मुलगा पेपराआडून म्हणाला.

त्यांचा अंदाज पक्का होता. दहाच्या बग्गीसाठी तो अगदी बरोबर होता. एवढंच वाक्य बोलायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे साहेब आले, नोकरी आली, ती फॉर्मवरची सही आली. मी पाणी प्यायलो आणि खाली आलो.

पुढे काकूंची मुलगी त्यांना बडोद्याला घेऊन गेली. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि निघताना त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आता हे आईला कोण सांगणार? ती कुणी हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नाही.”

मी काकूंचा फोन नंबर मागितला. त्याने दिला नाही.

अजूनही मी बग्गीच चालवतो, दादरच्या एका सोसायटीत. नव्या ड्रायव्हरला एवढंच सांगतो. वेग वाढवला की तो सीटवरच्याला लगेच कळतो. रस्त्यावर चालणाऱ्याला तो कुणीतरी सांगावा लागतो, आणि ते काम ड्रायव्हरचं असतं.