पान एकशे अठ्ठ्याऐंशी

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सव्वीस वर्षं काम करणाऱ्या या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. दवाखान्याशी त्यांचा संबंध आला तो पेशंट म्हणूनच. पण चालू पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची रोजची तपासणी. ती पाहून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकदा मागच्या गल्लीतला एक माणूस अंगात ताप घेऊन त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "दादा, तुम्ही मोटर असता तर आत्ता बरी करून दिली असती."

मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते, म्हणून मला त्यांची दुसरी बाजूही माहीत आहे. ही तपासणी त्या खात्यात शिकल्या नाहीत, एका कादंबरीत शिकल्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पंपघरात त्या एकट्याच बाई होत्या. कोणी त्यांना यंत्राला हात लावू देत नसे. दर तासाला दाब किती ते वहीत लिहायचं, एवढंच काम. वेळ जात नव्हता म्हणून त्या आमच्याकडून पुस्तकं न्यायला लागल्या. त्यात ती कादंबरी हाती लागली. कोरड्या ठणठणीत ग्रहावर जमिनीखाली पाच हजार माणसं राहतात आणि खोलवरून पाणी वर आणणारा एकच पंप उरलेला असतो. तो पंप सांभाळणारी बाई म्हणजे पाणराखीण. तीनशे पानांत लढाई नाही, राक्षस नाही. एक पंप बिघडतो आणि दुरुस्त होतो, बस. पुस्तक फारसं कोणी वाचलं नाही. पण पाणराखीण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावते ते पान वाचून बाई दुसऱ्या दिवशी पंपासमोर जाऊन तशाच उभ्या राहिल्या. तीन नंबरच्या पंपात त्यांना वाळू चावल्यासारखा आवाज आला.

त्या वेळचे फिटरकाका तिरसट होते. "हे कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं."

"खात्याच्या?"

"नाही, कादंबरीच्या. दुसऱ्या ग्रहावरची आहे."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हिला आता घरीच पाठवायला हवं. तरी पंप बंद करून उघडला. बेअरिंगच्या एका गोळीचा टवका उडाला होता. काका हात पुसत म्हणाले, "तुझ्या ग्रहावरची माणसं कामाची दिसतात." त्या दिवसापासून बाईंना पाना मिळाला.

नंतरच्या वर्षांत त्यांनी ते पुस्तक आमच्याकडून एकतीस वेळा नेलं. आम्ही त्याची दोनदा बांधणी करून घेतली. त्यांचे यजमान चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करतात, मोजकं बोलतात. ते म्हणायचे, "माझ्या लग्नात सासूपेक्षा त्या पाणराखिणीनं जास्त लक्ष घातलं."

पहिल्या पुस्तकानंतर पंचवीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला. तोवर लेखक वारले होते. हस्तलिखित अर्धवट राहिलं होतं आणि त्यांच्या मुलीनं ते पूर्ण केलं होतं. प्रस्तावनेत तिचं एकच वाक्य होतं: "बाबांचं काम राहिलं होतं, ते मी संपवलं." कुठवर बाबांचं आणि कुठून तिचं, याचा पत्ता नव्हता.

पुस्तक आल्याचं कळवताच बाईंनी दोन दिवस रजा टाकली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर आल्या आणि पुस्तक ठेवलं. आपटलं नाही, पण ठेवलंही नाही म्हणायचं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणराखीण म्हणे वसाहत वसवणाऱ्या पहिल्या माणसाची वंशज. तिच्या रक्तातच पाणी ओळखायची शक्ती. मग पहिल्या भागात तिनं हे काम शिकायला बारा वर्षं कशाला घासली? उगाच?"

"आणि?"

"आणि लढाया. दर वीस पानांनी कोणीतरी कोणावर तरी चाल करून येतं. एका लढाईत ही बाई मुख्य व्हॉल्व्ह एका फटक्यात बंद करते. अहो, एवढं मोठं धावतं पाणी एकदम अडवलं तर ते उलटं फिरून पाइपाला ठोसा मारतं. लोखंड फाटतं. शत्रू राहिला बाजूला, हिचीच माणसं बुडाली असती. पहिल्या भागात असली चूक शोधून सापडायची नाही."

"म्हणजे पुस्तक वाईटच?"

"नाही ना. तोच तर घोळ आहे. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानापासून पुस्तक बदलतं. पाणराखीण म्हातारी झालीय. तिला ऐकू येईनासं होतं आणि ती कोणाला सांगत नाही. पंप तपासल्यासारखं करते, मान हलवते आणि निघून जाते. मग एके दिवशी तळहात पंपाच्या अंगावर ठेवते आणि तिला कळतं की हातालाही ऐकू येतं. ती पानं वाचताना मी…" त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तिथून शेवटपर्यंत सगळं खरं आहे. ते बापाचं. आधीचं मुलीचं."

"पण बाबांचं काम अर्धवट राहिलं होतं ना? मग आधीची पानं त्यांची असणार."

"शेवट आधी लिहून ठेवणारे लेखक असतात," त्या ठामपणे म्हणाल्या. "पंचवीस वर्षं ओळखते मी त्या माणसाला."

त्या लेखकाला त्या कधी भेटल्या नव्हत्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे वाचकांची बैठक होते. त्या महिन्यात बाईंनी या पुस्तकावर बोलावं, असं मीच सुचवलं. चाळीसेक माणसं होती. बाई छान बोलल्या. व्हॉल्व्हचं सांगताना पाण्याची बाटली हलवून दाखवली, लोक हसले. शेवटी त्यांनी पान एकशे अठ्ठ्याऐंशीचा निकाल देऊन टाकला. म्हणाल्या, "बापानं बांधलेल्या घराला मुलीनं रंग द्यायचा होता. तिनं रंग द्यायच्या नादात भिंत पाडली. मागची खोली तेवढी शाबूत आहे, कारण तिथे तिचा हात पोचला नाही."

टाळ्या पडल्या. मी ते सगळं आमच्या दोन पानी पत्रकात छापलं आणि उत्साहाच्या भरात एक प्रत प्रकाशकाकडे धाडली. हे मी केलं, बाईंनी सांगितलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी वाचनालयाच्या पत्त्यावर पाकीट आलं. वर बाईंचं नाव नव्हतं, "पंपघरातल्या बाईंसाठी" एवढंच. मी पंपघरात नेऊन दिलं. त्यांनी तिथेच उभ्यानं वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

लेखकाच्या मुलीनं लिहिलं होतं:

"तुमचं पत्रक मिळालं. पान तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. हस्तलिखितात अक्षर तिथेच बदलतं. फक्त माणसं उलटी झाली आहेत. एकशे सत्त्याऐंशीपर्यंत बाबा आहेत. पहिला भाग कोणी वाचला नाही, याचा त्यांनी फार त्रास करून घेतला होता. लढाई घाला, लोक वाचतील, असं त्यांना सांगितलं गेलं आणि शेवटी शेवटी त्यांनाही ते पटलं. मी लेखिका नाही. कापडाच्या कारखान्यात ताग्यांतले दोष शोधते. कानाचं प्रकरण माझं आहे, कारण बाबांचे कान जाताना मी पाहिले होते. मी शिवायला बसले की ते टेबलावर तळहात ठेवायचे. मशीन चालू आहे की थांबलंय, ते त्यांना त्यावरून कळायचं. तुम्हाला ते प्रकरण आवडलं, याचा आनंद झाला. बाकीचं वाचून दोन दिवस वाईट वाटलं, तेही कळवते."

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या. "चाळीस माणसांसमोर मी त्या पोरीचा पंचनामा केला," त्या म्हणाल्या. "आणि वर उपमा देऊन."

"छापलं मी," मी म्हणाले.

"तुम्ही छापलंत. बोलले मी."

घरी त्यांनी यजमानांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "मग सांगून टाक चुकलं म्हणून. लोक काय खातात का?"

पुढच्या महिन्यात बैठक दुसऱ्याच पुस्तकावर होती. बाईंनी सुरुवातीला पाच मिनिटं मागितली. उभ्या राहून पत्र वाचून दाखवलं, वाईट वाटल्याच्या ओळीसकट. मग म्हणाल्या, "मी चुकले. मुलीची माफी मी पत्रानं मागितली आहे. पण बोलले इथे, तेव्हा इथेही मागते."

शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी बैठकीला नेहमी येतात. त्यांनी विचारलं, "मग आता एकशे सत्त्याऐंशीव्या पानापर्यंतचा भाग चांगला म्हणायचा का? मूळ लेखकाचाच निघाला तो."

"नाही गुरुजी. तो जसा होता तसाच आहे. व्हॉल्व्ह कालही चुकीचा होता, आजही चुकीचा आहे. माझं चुकलं ते वेगळंच. राग कोणावर धरायचा ते मी पुस्तक उघडायच्या आधीच ठरवलं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. वर्षभर त्यांना बेअरिंग नीट ऐकू येत नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हर लावायच्या, मान हलवायच्या आणि वहीत 'ठीक' लिहायच्या. नशिबानं पंप धड होते. पुस्तकातली पाणराखीण तेच करताना पाहिल्यावर त्यांना स्वतःची वही आठवली. रजेच्या दुसऱ्याच दिवशी त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. इतक्या वर्षांच्या आवाजानं कान अधू झाले होते, परत सुधारण्यातले नव्हते. आठवडाभरानं त्यांनी साहेबांना खरं सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक पंप दोघांनी तपासायचा असं ठरलं. एकजण कानानं, बाई हातानं. नोंद दोघांची. तपासणी सोडून बाकी वेळ सगळ्यांनी कानावर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या घालायच्या, हेही तेव्हाच ठरलं.

"पाहा," बाई म्हणाल्या, "माझी चोरी पकडली त्या पोरीनं, आणि मी श्रेय दिलं बापाला."

हे सगळं त्यांनी मुलीला लिहिलंही होतं. मुलीचं उत्तर लगेच आलं. दुसरी आवृत्ती निघणार होती, व्हॉल्व्हचं नीट कळेल का, असं तिनं विचारलं होतं. पत्रात समजावण्यासारखं ते नाही, असं बाईंनी कळवलं. मग एका सकाळी ती स्वतःच आली. चाळिशीची, अंगानं बारीक, बोलताना समोरच्याच्या कपड्याची शिवण बघायची सवय. बाईंनी तिला एक बंद ठेवलेला पंप दाखवला, त्याच्या व्हॉल्व्हपाशी नेलं आणि म्हणाल्या, "फिरवा."

तिनं लोखंडी चाक धरलं. विसाव्या फेऱ्याला तिचे दंड भरून आले. "अजून किती?"

"सगळे मिळून चौसष्ट. आणि दमानं, नाहीतर पाइप ओरडतो."

ती चाळिसाव्याला थांबली आणि हसायलाच लागली. "बाबांनी एक पंपघर तरी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. स्क्रू-ड्रायव्हरचं त्यांना कोणी सांगितलं तेही घरात कोणाला माहीत नाही." मग तिनं रुमालानं हात पुसले आणि गंभीर झाली. "मावशी, पण बाबांचं पान मी बदलू का? ते असते तर त्यांनी बदलू दिलं असतं का?"

बाईंनी चाकावर हात ठेवला. "व्हॉल्व्ह बदला," त्या म्हणाल्या. "रक्ताचं राहू द्या. ते त्यांचं म्हणणं आहे, मला पटत नाही एवढंच. पण व्हॉल्व्ह हा कोणाच्या म्हणण्याचा विषय नाही."

दुसरी आवृत्ती आता आमच्याकडे आहे. त्या लढाईत पाणराखीण चाक फिरवते, शत्रू जिन्यावरून खाली येत असतात आणि तिला घाई करता येत नाही. आधी दोन ओळींत उरकलेलं आता अडीच पानं चालतं, आणि वाचताना आपल्याही दंडात कळ येते. शेवटी आभाराची एक ओळ आहे, बाईंच्या कामासाठी. नाव त्यांनी घालू दिलं नाही.

मी त्यांना विचारलं, आता एकूण मत काय?

"पहिल्या भागाची सर नाही," त्या म्हणाल्या. "लढाया अजून तीन तरी जास्त आहेत. शेवटची सत्तर पानं मात्र पहिल्यापेक्षा चांगली. पहिला वाचून मी काम शिकले, पण पाणराखीण मला कधी घाबरलेली दिसली नव्हती. इथे ती घाबरते. ते तिला शोभतं."

"हे पत्रकात छापू का?"

"छापा. पण धाडायच्या आधी या खेपेला मला दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी 'चांगली' खोडून 'खरी' केलं आणि परत दिलं.