आठ ते दहाची सुई

डॉक्टरांनी एक्स-रेची काळी फिल्म खिडकीकडे धरली, डाव्या फुप्फुसावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "कॅव्हिटी आहे. टी.बी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतके दिवस काय झोपला होतात?"

एवढंच. कॅव्हिटी म्हणजे आजारानं फुप्फुसाला पडलेलं भोक, हे मला बाहेर बसलेल्या ताराबाई सिस्टरनी समजावून सांगितलं. टी.बी. म्हणजे क्षय, हे मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. एक्स-रे माझ्या नवऱ्याचा होता; हे खाली मान घालून बसले. मला रडू आलं नाही, राग आला. झोपलो होतो म्हणे! पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मागावर बसणारा माणूस झोपतो कधी, ते तरी विचारा.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात असा खोकला शिरला आहे त्यांच्यासाठी. मी चौथी शिकलेली बाई. माझी पुतणी माझं 'मले-तुले' खोडून शुद्ध मराठी करते आहे. राग मात्र तिला खोडता येत नाही. राहू दे म्हटलं.

पहिली चूक आमची. ती आधी कबूल करते, म्हणजे पुढं दुसऱ्यांना बोलायला मला तोंड राहील.

आमची गल्ली इतवारीच्या पलीकडे, सगळी विणकरांची. तिथं खोकला हा आजार धरतच नाहीत. सुताचे बारीक तंतू उडतात, नाकातोंडात जातात, लहानथोर सगळे खोकतात. 'मागाचा खोकला' म्हणायचं आणि जिभेखाली गुळाचा खडा ठेवायचा. ह्यांनी चार महिने गूळ खाल्ला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर म्हणायचे, "मागाच्या खड्ड्यात पाय गारठते वं, दुसरं काई नाई." मीही हो म्हणायची. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठं आम्ही दवाखाना गाठला.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. क्षयावर औषध निघालं आहे, आता माणूस मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन, रोज एक, निदान तीन महिने. बरोबर पी.ए.एस.ची भुकटी, जी खाल्ली की पोट ढवळून निघायचं. भरती व्हायला खाट रिकामी नव्हती, नंबर लावून पाच-सहा महिने थांबा म्हणाले. तोवर आउटडोअर. म्हणजे रोज जायचं, सुई घ्यायची, घरी परतायचं. वेळ सकाळी आठ ते दहा.

मी हात जोडले. माणूस वाचतो म्हटल्यावर बाई आणखी काय करणार? आठ ते दहा या शब्दांत आमचं मरण लपलं आहे हे त्या दिवशी माझ्याही ध्यानात आलं नाही.

ते कसं, ते सांगते. लुगडं विणण्याआधी उभ्या सुताला खळ लावावी लागते, म्हणजे पेज पाजून धागा मजबूत करायचा. त्याला पांजणी म्हणतात. सगळं सूत गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे घेऊन ते वाळेपर्यंत सारखं विंचरत चालायचं. हे काम सकाळीच होतं. ऊन चढलं की धागा कडक होऊन तुटतो. आणि हे एका घराचं काम नाही, पाच-सहा माणसं लागतात. आज तुमची पांजणी, उद्या माझी. जो दुसऱ्याच्या सुताला हात लावायला येत नाही, त्याच्या सुतालाही कोणी येत नाही. मग त्याचा माग बंद.

आमच्या गल्लीत आठवड्यातून तीन-चार सकाळी पांजणी असायची. साडेसहाला सुरू, नऊ-साडेनऊला संपायची. दवाखाना सीताबर्डी ओलांडून, पायी सव्वा तास. आता तुम्हीच हिशेब करा.

गल्लीला सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं असतं, असं कोणी म्हणेल. पण आम्ही सांगितलंच नाही. ही दुसरी चूक. क्षय म्हटलं की लोक ओट्यावर पाणी देत नाहीत. खळीच्या भांड्याला कोण हात लावू देणार? 'हिवताप आहे' म्हणून सांगत राहिलो. शेजारचा गंगाराम, ह्यांना सख्ख्या भावासारखा, तोसुद्धा एकदा चिडून म्हणाला, "काहून गा, तुलेच बरा येते हिवताप पांजणीच्या दिवशी?" हे निमूटपणे कुंचा घेऊन उठले. त्या दिवशी सुई चुकली.

मग दोन दिवस जायचं, एक दिवस चुकायचं, असं चाललं. एकदा पांजणी अर्ध्यावर टाकून आम्ही दोघं निघालो. ह्यांना धाप लागायची म्हणून वाटेत चारदा बसलो. पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. इंजेक्शनच्या खोलीला आतून कडी. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. सुया पातेल्यात उकळत होत्या. कपाटात औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. ताराबाई कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. माणूस आहे, औषध आहे, सुई देणारी आहे. आणि मध्ये एक कडी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार ठोठावलं तर शिपाई म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांचं कार्ड बघितलं आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'इर्रेग्युलर'. म्हणजे बेभरवशाचा. मी सांगायला गेले, "साहेब, सकाळी पांजणी राहते. सायंकाळी सुई द्या, एक दिवस चुकणार नाही."

"मग काय दवाखान्याची वेळ तुमच्यासाठी बदलू?" ते म्हणाले. "तुम्हां लोकांना जिवापेक्षा काम मोठं. अडाणीपणा आहे हा."

तरुण होते, वाईट नव्हते. पण पांजणी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. कशावर बसता, काय काम करता, हेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा बाहेर काढायला विणकर तोंड लावून तो ओढून घेतो. दिवसातून कितीदा तरी. आणि धोटे आम्ही एकमेकांना देतो. ह्यांचे दोन धोटे गंगारामच्या घरी होते. हा आजार थुंकीतून पसरतो हे दवाखान्याच्या भिंतीवर इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलं होतं. धोट्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर गंगाराम खोकायला लागला. त्यानं गूळ खाल्ला. मी त्याच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्याच्या बायकोनं मला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, तिचा हक्कच होता. गंगाराम दवाखान्यात गेला. तोच टी.बी., तीच सुई, तेच आठ ते दहा. आता गल्लीत दोन माणसं बेभरवशाची झाली.

तेव्हाच ताराबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. दवाखान्याच्या मंडळानं नागरिकांची सभा बोलावली होती. पुढल्या पाच वर्षांत दवाखान्यानं आधी काय करावं, मग काय करावं, हे ठरवायचं होतं. "तुम्ही या," त्या म्हणाल्या.

"मले कोण येऊ देईन?"

"नागरिकांची सभा आहे. तुम्ही नागरिक नाही का?"

मी गेले. धुतलेलं लुगडं नेसून मागच्या खुर्चीवर बसले. पुढं धरमपेठेकडची मंडळी, इतवारीतले शेटजी, महालातले वकील. मोठे डॉक्टर यादी वाचत होते. मोटारी उभ्या राहायला पोर्च. पैसे देऊन राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या. पुढच्या अंगणात कारंजं. एक जण म्हणाला, गरिबांमध्ये आरोग्याची जागृती करायला हवी, त्यांना औषधाचं महत्त्व कळत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी उठले. जशी बोलले तशीच लिहिते, पुतणीला इथं हात लावू देत नाही.

"डॉक्टरसाहेब, आमाले महत्त्व कळते. माह्या घरी माणूस रगत ओकून राहिला, मले काहून नाई कळणार? पण तुमची सुई सकाळी आठले उघडते अन् दहाले बंद होते, अन् त्याच टायमाले आमची पांजणी राहते. सुई घेतली तं माग बंद, माग चालवला तं सुई बंद. आमी काय करावं सांगा. तुमचं ते कारंजं उडो का न उडो, मले सायंकाळी पाचले सुई पायजे. आमच्या गल्लीत पायजे."

कोणीतरी हसलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, दवाखाना म्हणजे बाजार नाही, गिऱ्हाइकाच्या सोयीनं उघडायला."

"बाजार तं बरा साहेब," मी म्हटलं. "त्याले मालूम राहते का लोकं कधी येतात."

मग कोणी हसलं नाही. सभेतले एक म्हातारे वकील उठले आणि त्यांनी विचारलं, सुई चुकवणाऱ्यांपैकी विणकर किती आहेत, हे कुणी पाहिलं आहे का? कुणी पाहिलेलं नव्हतं. ताराबाईंनी कार्डांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. लाल शाईचं कार्ड निघालं की त्या फक्त गल्लीचं नाव वाचायच्या. आमची, आमच्या पलीकडची, पुन्हा आमची.

मला वाटलं, झालं, उद्यापासून सुई येईल. कसली उद्या! ठराव झाला, ठराव वरच्या कचेरीत गेला, टेबल कोण देणार, स्टोव्ह कोण देणार, सिस्टरच्या जेवणाच्या सुट्टीचं काय, यावर चार महिने गेले. चार महिने! आमच्या गल्लीत टेबलं काय कमी होती? मी स्वतः माझ्या डोक्यावरून नेऊन दिलं असतं.

ह्यांच्या खाटेचा नंबरही तोवर लागला नव्हता. शेवटी चैत्रात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर टेबल लागलं. रोज पाच ते सात. ताराबाई स्टोव्हवर सुया उकळायच्या आणि विणकर माग सोडून अंगावरच्या सुतासकट येऊन रांगेत बसायचे. लपूनछपून खोकणारे कितीतरी त्या रांगेत निघाले. ज्यांना अडाणी म्हणत होते त्यातला एकही दिवस चुकवत नव्हता.

हेही जायचे. मी धरून न्यायची. एक दिवस चुकला नाही, मी पांडुरंगाची शपथ घेऊन सांगते.

पण ताप उतरेना. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. तेच तरुण डॉक्टर. या वेळी त्यांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले.

"रेझिस्टन्स आला आहे," ते म्हणाले. "म्हणजे जंतू या औषधाला सरावले आहेत. आता ते त्याला दाद देत नाहीत."

"असं काहून झालं?"

ते हळू म्हणाले, "मधे मधे खंड पडला की असं होतं. सुरुवातीला सलग मिळालं असतं तर..."

मी म्हटलं, "साहेब, सुरुवातीलेच मी तुमाले सायंकाळ मागितली होती."

"हो," ते म्हणाले. "आठवतं मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. आज थोडी येते.

आषाढात हे गेले. दुपारी, माझ्या मांडीवर. वय छत्तीस. लोक रीतीप्रमाणे म्हणाले, नशीब. मी त्या दिवसापासून तो शब्द टाकला. नशिबाला कडी-कोयंडा नसतो, वेळापत्रक नसतं. हे माणसांनी केलं, आणि त्यात थोडी मीही होते. बैल गेला अन् झोपा केला, तो झोपा इतरांच्या बैलांच्या कामी आला, एवढंच.

तर तुम्हाला सांगते. खोकला तीन आठवड्यांवर गेला की गूळ फेका. आजार लपवू नका, लपवला तर शेजाऱ्याच्या घरी जातो. आणि दवाखान्याची वेळ तुम्हाला जमत नसेल तर मान खाली घालून घरी येऊ नका. ठोठावा. भांडा. पहिल्या आठवड्यात भांडा, मी उशीर केला. ताराबाईंचे आभार मी जन्मभर मानीन, त्या म्हाताऱ्या वकिलांचेही. ठराव वर पाठवून चार महिने गप्प बसलेल्यांचे मानणार नाही, कोणी कितीही सांगो.

पुढल्या वर्षी फाल्गुनात गंगाराम माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. आत येईना. अंगानं भरला होता.

"वयनी, डॉक्टर म्हणते मी बरा झालो. सुई बंद केली."

"बरं झालं गा," मी म्हटलं.

तो तिथंच घोटाळला. मग खाली बघत म्हणाला, "तुमाले वाईट तं नाई वाटत, मी वाचलो याचं?"

खोटं बोलायची मला सवय उरली नव्हती. "वाटते," मी म्हटलं. "तुले पाहिलं का वाटते, हे बी वाचले असते. पण तू नसता वाचला तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहून हे सारं सहन केलं असतं? बस. चहा ठेवते."

तो बसला. चहा पिताना दोघंही रडलो, तोंड लपवलं नाही. पाच वाजले तेव्हा मी पदर खोचला आणि त्याला म्हटलं, "ऊठ. त्या कोपऱ्यावरच्या घरची सून काल सुईले आली नाही. तिची सासू तिले कामातून सोडत नाही म्हणे. चाल, तू मागावर बस तिच्या जागी, मी तिले घेऊन जाते."

गंगारामनं कप खाली ठेवला आणि माझ्या पुढं चालायला लागला.