मारुतीच्या टाकीतलं निवळ पाणी

फोन आला तेव्हा सांगलीत माझ्या पेढीवर हळदीचा सौदा चालला होता. मारुतीचा थोरला भाऊ दवाखान्यातून एवढंच म्हणाला, "भाऊ, आपला मारुती गेला..." हातातली हळकुंडं तशीच ढिगात पडली. महिना उलटला, अजून मला दवाखान्याच्या रस्त्यानं गाडी घालवत नाही.

सांगलीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत वाढलो. मी वडिलांच्या अडतीत आलो, तो फौजेत गेला. पेन्शनीवर जत तालुक्यातल्या आपल्या गावी परतला तेव्हा म्हणाला, "गड्या, पाणी न्हाई म्हणून माणसं गाव सोडत्यात. मी मातीच सोडून बघतो." शेडनेटखाली पाइप टाकले, त्यात पालक लावला. खत विरघळलेलं तेच पाणी मुळांखालून फिरत राहायचं. पण पहिल्याच वेळी त्यानं सगळी खतं घट्ट कालवून एकदम टाकीत ओतली आणि पाण्याचं ताक झालं! पांढरा साका तळाला बसला, पालक पिवळा पडला. उपटून मेंढरांना घातला त्यानं. मग कठड्यावर काचेचे ग्लास मांडून एकेक खत दुसऱ्यात मिसळून बघत बसला. कॅल्शियमचं खत सल्फेट-फॉस्फेटला घट्ट असताना भेटलं की पाणी फाटतं, हे त्याला उमगलं. तेव्हापासून त्यांचे दोन वेगळे ड्रम झाले. "खतं एकमेकालाच खात बसली तर झाडाला काय उरणार रं?" म्हणायचा.

उन्हाळ्यात त्याचं यकृत बिघडलं. सांगलीच्या दवाखान्यात मी उशाशी होतो, त्याची बायको शारदावहिनी गावाकडे. टँकरच्या पाण्यानं टाकी भरलेली. ती नासली तर दुसरा टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. वहिनींनी खत कधी कालवलं नव्हतं. त्यांचा फोन आला, मी तो मारुतीच्या कानाशी धरला.

"टाकी भरलीय न्हवं? आता कॅल्शियमच्या ड्रममधलं माप वत... ढवळ. पार मिसळू दे." त्याला धाप लागली. मी फोन बाजूला घेऊ लागलो, त्यानं माझं मनगट धरलं. "आता दुसऱ्यातलं. बारीक धारंनं... ढवळत ऱ्हा."

बराच वेळ पलीकडून नुसता पाण्याचा आवाज. मग वहिनी म्हणाल्या, "आवं, टाकीचा तळ दिसतोय!"

मारुती हसला. किती दिवसांनी हसला... दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढीवर आलो होतो, तेव्हा तो गेला.

परवा जतला जाऊन आलो. वहिनींनी खत कालवलं, ढवळलं आणि खिळ्याला टांगलेला त्याचा फौजेतला पांढरा एनॅमलचा मग टाकीत बुडवून उजेडात नेला. स्वतः बघितला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमी बी बघा, भाऊ. दोघांनी बघितल्याबिगर ह्ये कवा पाणी सोडत नव्हते."

मी वाकून बघितलं. मगाच्या तळाशी उडालेला टवका पाण्यातून स्पष्ट दिसत होता. मी मान हलवली. वहिनींनी पाइपांचा कॉक सोडला.